बर्लिनहून : पुण्याला हवी एक मोकळी, सपाट जागा

बालगंधर्व रंगमंदिराचा विषय निघाला की पुण्यात दोन बाजू हमखास ऐकू येतात. एक म्हणते, पाडा आणि जास्त सभागृहांचं संकुल बांधा. दुसरी म्हणते, 1968 ची वास्तू आहे तशी राखा. बर्लिनमध्ये बसून हा वाद वाचताना जाणवतं, की दोघांच्याही डोळ्यांसमोर नाट्यगृह एकाच प्रकारचं आहे: समोर पडदा आणि जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्यांच्या रांगा. प्रायोगिक नाटक, समकालीन नृत्य किंवा परदेशी पाहुणा संच यांना लागणाऱ्या, रंगमंच आणि प्रेक्षक हवे तसे मांडता येतील अशा जागेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बर्लिनचं शाऊब्युने हे नाट्यगृह अशा जागेचं टोकाचं उदाहरण. 1928 च्या एका चित्रपटगृहाच्या कवचात 1981 साली ते आलं. तिथे जमिनीचे तुकडे हायड्रॉलिकवर वर-खाली होतात, एका दालनाची तीन करता येतात. पुण्याने याची नक्कल मुळीच करू नये. अशी यंत्रं कायमच्या तंत्रज्ञांवर आणि अनुदानावर चालतात. आपल्याकडे पहिल्याच बिघाडानंतर ती जमीन आहे तिथे अडकून बसेल.

पुण्याला 60 बाय 45 फुटांची, मध्ये एकही खांब नसलेली खोली पुरे. ग्रिडखाली, म्हणजे दिवे टांगायच्या पाइपांच्या जाळीखाली, 20 फूट मोकळी उंची, 150 प्रेक्षक, 8 बाय 4 फुटांच्या लेव्हल्स (हलवता येणारे चौथरे) आणि त्यांवर एकमेकींना अडकवता येणाऱ्या सुट्या खुर्च्या. चारही बाजूंनी प्रेक्षक बसवले की बाहेर पडायचा एखादा दरवाजा हमखास लेव्हल्सच्या मागे जातो. म्हणून प्रत्येक मांडणीचा नकाशा आधीच काढून अग्निशमन दलाला दाखवावा.

ग्रिडमध्ये फसगत ठरलेली. दिव्यांचे क्लॅम्प साधारण 48 ते 51 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाला बसतात. आपल्या बाजारात ‘दोन इंची’ म्हणून मिळणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास 60 भरतो, आणि छत पूर्ण झाल्यावर एकही दिवा टांगता येत नाही. मागायचा तो ‘दीड इंची’ पाइप, दर 4-5 फुटांवर. वीज थ्री-फेज हवी, पण ध्वनीची लाइन दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरपासून वेगळी ठेवावी, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येत राहते.

जमीन थेट काँक्रीटवर केली तर नर्तकांच्या नडग्या आणि गुडघे जातात. खाली रबराचे ठोकळे, त्यांवर लाकडी पट्ट्या, वर प्लायचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. भिंतीलगत अर्धा इंच फट सोडावी, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो.

जुनी शेड घेऊन काम भागवू, असं पुष्कळांना वाटतं. बर्लिनमध्ये जुन्या कारखान्यांत उत्तम रंगमंच झालेत, हे खरं. पण पुण्यात जून ते सप्टेंबर पत्र्यावर सर पडली की संवाद ऐकू येत नाहीत. नुसती रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) लावून तो आवाज थांबत नाही; तिच्याखाली जिप्समचा जड, दुहेरी थर लागतो. तो भार शेडच्या छताच्या कैच्या पेलतील का, हे भाडेकरार करण्याआधी तपासावं.

आणि एवढं करूनही अशी जागा एकाच मांडणीत थिजू शकते. कारण आपल्याकडे नाट्यगृहाच्या तारखा सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी मिळतात. पन्नास दिवे शिडीवरून फोकस करायचे तर दिव्यामागे चार मिनिटं धरली तरी तीन तास वीस मिनिटं जातात. लेव्हल्स हलवायला चार माणसं आणि आणखी दोन-तीन तास. मग तालीम कधी? त्यामुळे संच आदल्याच प्रयोगाच्या मांडणीत नाटक बसवतो, आणि सुट्या खुर्च्यांचा काही उपयोग उरत नाही. बर्लिनमधून पुण्याने घ्यावं ते एवढंच: प्रयोगाआधीचा उभारणीचा दिवस हा प्रयोगाचाच भाग मानला जातो.

सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, द बॉक्स या जागांनी पुण्यात जवळून नाटक पाहणारा प्रेक्षक आहे हे दाखवून दिलंय. महापालिकेने नव्या संकुलाचा विचार करताना त्यात अशी एक खोली धरावी, भाडं सत्राऐवजी दिवसावर ठेवावं, उभारणीच्या दिवसाला निम्मा दर लावावा आणि प्रकाश, ध्वनी, रंगमंच यांसाठी तीन पगारी माणसं नेमावीत. ती तीन पदं अंदाजपत्रकात बसत नसतील तर एक सभागृह कमी बांधावं.