कॉम्प्टनचं कळतं, पार्किंगमधलं कळत नाही

सकाळी चहा घेता घेता एक पोस्ट वाचली आणि चहा तसाच निवला. लिहिणार नव्हते. पण दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय, तर टाकतेच लिहून. ज्याच्याबद्दल आहे तो इथे मित्रयादीत आहे, वाचेलच. नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील.

केंड्रिक लमार, म्हणजे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा रॅपर, त्याचा नवा अल्बम आला, 'जीएनएक्स'. शुक्रवारी, २२ नोव्हेंबर २०२४ला, ना घोषणा ना जाहिरात, आपल्याकडे रात्र झालेली असताना अचानक. १२ गाणी, ४४ मिनिटं. आणि आज रविवारी सकाळी आमच्या मित्राची त्यावर भलीमोठी पोस्ट हजर! बरं, पोस्ट चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. मुखपृष्ठावरची काळी ब्यूइक जीएनएक्स गाडी १९८७ची, त्या वर्षी अशा फक्त ५४७ गाड्या बनल्या आणि केंड्रिकचा जन्मही त्याच सालचा, हे मला माहीत नव्हतं. सुरुवातीलाच एक मारियाची गायिका स्पॅनिशमध्ये गाते, कारण लॉस एंजेलिस म्हणजे तीही माणसं. शहराबाहेर ज्यांना कुणी ओळखत नाही अशी गल्लीबोळातली पोरं केंड्रिकनं या अल्बमवर आणलीत. हे सगळं त्यानं छान लिहिलंय.

सगळ्यात भारी भाग पुढे आहे. पहिल्या गाण्याच्या नावात जिथे इंग्रजी 'सीके' हवं तिथे केंड्रिकनं दोन 'सी' लिहिलेत. का? तर तिथल्या क्रिप्स टोळीची माणसं ही दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहीत नाहीत, कारण त्याचा अर्थ होतो क्रिप्सना मारणारा. यावर मित्राचा अख्खा परिच्छेद. एका अक्षरावर! वाचून मला खरंच कौतुक वाटलं. ऐकावं तर असं, म्हटलं.

मग खाली कमेंट्समध्ये गेले. जायला नको होतं.

कुणीतरी विचारलं, आपल्याकडे असं का होत नाही हो? दुसऱ्यानं लिहिलं, आपल्याकडे रॅपर एमसी स्टॅन आहे ना, आणि पुढे हसून हसून लोळणारे चेहरे. त्यावर आमच्या रसिकाग्रणींचं उत्तर: ते रॅप नाही, टपोरीगिरी आहे, ऑटोट्यून (आवाज सुरात बसवणारं सॉफ्टवेअर) काढलं तर खाली काय उरतं?

तुम्हा सगळ्यांचे लाइक्स आहेत त्यावर. मी मोजले नाहीत, पण नावं बघितली.

आता माझी गोष्ट सांगते. म्हणजे माझा गुन्हाच सांगते.

२०२०, दिवाळीच्या आधीचे दिवस. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये इस्त्रीचं टेबल आहे. लॉकडाऊन उठल्यावर इस्त्रीवाले मामा पुन्हा यायला लागले होते. त्यांचा धाकटा मुलगा, तेव्हा पंधरा-सोळाचा, शाळा बंद म्हणून त्यांच्याबरोबर असायचा. तो फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा. पेल्यात ठेवला की आवाज घुमतो, स्पीकर लागत नाही. त्यातून स्टॅनचा 'तडीपार' अल्बम चालायचा. दिवसभर. मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी अनुवाद करत बसलेली. तुम्हाला माहीतच आहे, सरकारी कागदांचे अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम. एका परिपत्रकात अडकले होते आणि खालून तो आवाज. तिसऱ्या दिवशी खाली गेले.

"बंद कर ते."

"काकू, एकच गानं. संपतच आलंय."

"याला गाणं म्हणतात?"

मला वाटतं मी एवढंच बोलले. पण आवाज चढला असणार, कारण मामांनी इस्त्री बाजूला उभी केली, आले, आणि पोराच्या कानाखाली वाजवली. माझ्यासमोर. मग मला म्हणाले, "सॉरी ताई." पोरानं पेल्यातून फोन काढला, खिशात टाकला आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागला. माझाच एक कुर्ता होता त्यात.

मी वर आले. आणि खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं होतं, शांतता मिळाली म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, याचा केंड्रिकशी काय संबंध. थांबा.

स्टॅन कुठला? पुण्याचा. ताडीवाला रोडचा. स्टेशनच्या मागे. आपण सगळे स्टेशनवर उतरतो ते पुढच्या बाजूनं. २०२३मध्ये तो बिग बॉस जिंकला तेव्हा आपल्या ग्रुपवर "हा कोण?" असे मेसेज फिरत होते, आणि पुण्यात जन्म काढलेली माणसं ते विचारत होती. त्याचा तो 'शेमडी' शब्द पोरं येताजाता वापरतात. तो 'शेंबडी'च आहे की नाही? आपलाच शब्द, वस्तीतल्या हिंदीत जाऊन अनुस्वार टाकून आलेला. एका परिच्छेदाचा ऐवज नाही का हा? पण त्यावर कुणी लिहिणार नाही. कॉम्प्टनमध्ये अक्षर गळालं की तो इतिहास, आणि ताडीवाला रोडला गळालं की अशुद्ध.

हो, शिव्या आहेत. बायकांबद्दल जे असतं ते माझ्याही डोक्यात जातं. आणि हो, केंड्रिकचं काम वेगळ्याच उंचीचं आहे, २०१८ला त्याला पुलित्झर पुरस्कार काही उगाच नाही मिळाला. झालं समाधान? आता शिव्या केंड्रिकच्याही मोजा. इंग्रजीतली शिवी आपल्या कानाला शिवी लागतच नाही, ती 'अस्वस्थ वास्तवाची भाषा' होते. यंदा एप्रिल-मेमध्ये केंड्रिक आणि दुसरा रॅपर ड्रेक गाण्यांतून एकमेकांची आयमाय काढत होते तेव्हा आपलेच लोक 'हा तर अमेरिकन कलगी-तुरा' म्हणत चर्चा करत होते. इथे पोरांनी एकमेकांवर गाणी केली की त्याला गुंडगिरी म्हणतात. वा रे वा.

(कुकरच्या शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करून आले. जरा शांत झालेय.)

तर तडीपार. २०२१च्या फेब्रुवारीत मामा वर आले. पहिल्यांदाच दाराच्या आत आले, तेही चपला काढून उंबऱ्याशीच उभे. हातात कागद. "ताई, तुम्ही सरकारी मराठी वाचता ना? यात काय लिवलंय तेवढं सांगा." थोरल्या मुलाच्या नावची नोटीस होती. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ५६. त्याला पुण्यातून आणि आख्ख्या जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचं उत्तर मागितलेलं. कायद्यात जास्तीत जास्त दोनच वर्षं आहेत, ती पुरती. आणि खाली ठरलेलं वाक्य, की आपणांस आपले म्हणणे मांडण्याची संधी देण्यात येत आहे.

मी शब्द न् शब्द समजावला. 'प्रस्तावित', 'उपरोक्त', 'सामनेवाले'. माझा प्रांतच तो. मामा ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे तडीपार."

हो, मामा. तडीपार.

तेव्हा माझ्या डोक्यात तो स्टीलचा पेला वाजला. नोव्हेंबरमध्येच घरात बोलणी चालू होती म्हणे, पोलीस येऊन जात होते. पोरगं दिवसभर तो अल्बम ऐकत होतं, आणि मी विचारलं होतं, याला गाणं म्हणतात? कागदावरचा 'हद्दपार' मला पाठ होता, आणि पेल्यातला 'तडीपार' मी आवाज म्हणून बंद करायला लावला. मारून.

थोरल्यानं काय केलं होतं, ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिणार नाही. तो काही देवमाणूस नव्हता, एवढं कबूल.

'तड' म्हणजे काठ. आपण काम तडीस नेतो ते त्याच शब्दानं. पुढच्या वर्षी मामांच्या मुलीचं लग्न होतं, पत्रिका आली, कार्यालय शिरवळला. सोसायटीत सगळ्यांना कोडं, पुण्यात काय कार्यालयं नाहीत का, एवढं लांब कशाला? शिरवळ नीरा नदीच्या पलीकडे आहे. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. भावाला बहिणीच्या लग्नात उभं राहता यावं म्हणून अख्खं वऱ्हाड नदीपलीकडे गेलं. मी गेले होते. पुलावरून जाताना खाली पाण्याकडे बघितलं आणि म्हटलं, हा घे शब्दार्थ.

आता मला सांगा, क्रिप्सच्या दोन 'सी'वर परिच्छेद लिहिणाऱ्या माणसानं हा शब्द कधी उघडून बघितला का? अल्बमचं नावच आहे ते. नावापाशी थांबायला रॅप आवडावं लागत नाही. १९७२मध्ये नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी ढसाळांना शब्दांचे अर्थ विचारले होते. मला हा शब्द कळत नाही, हा कळत नाही, अशी चक्क यादी, आणि मग मुंबईतल्या त्या गोलपिठ्याच्या भागात त्यांच्याबरोबर हिंडले. तेंडुलकरांना विचारायची लाज वाटली नाही. आपण कोण लागून गेलो?

माझ्या भाच्याचा न्यू जर्सीहून शनिवारीच मेसेज होता, "मावशी, मिड आहे." मिड म्हणजे यथातथा. तिकडेही निम्मे म्हणतायत की हा नुसता विजयाचा फेरफटका, २०१५च्या त्याच्या अल्बमची खोली यात नाही, आणि निम्मे यातल्या एका गाण्यातलं 'मस्टाऽऽर्ड' रस्त्यात ओरडत फिरतायत. रॅपर लिल वेनला यातली त्याच्यावरची एक ओळ लागलीय म्हणे. असू दे, भांडोत. तो त्यांचा गल्लीचा वाद आहे आणि प्रत्येक शब्द कळून ते भांडतायत. माझा राग त्यावर नाहीच.

आणि मित्रा, खरं तर तुझ्यावरही तितका नाही. तू निदान चार वर्षांपूर्वी कुणाला मार खायला लावला नाहीस. तुझी ती कमेंट वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला, पार्किंगमधला, म्हणून एवढं झोंबलं. स्टॅन तुला आवडलाच पाहिजे असं कुठे आहे? मलाही निम्मा आवडत नाही, ते ऑटोट्यून तर मधेच दातात अडकल्यासारखं होतं. पण 'खाली काय उरतं' हे विचारलंसच आहेस, तर ये एकदा. शिरवळला जाऊ, पुलापाशी वडापाव चांगला मिळतो.

पुढच्या महिन्यात सवाईला भेटूच. तिथे मात्र तीन तास विलंबित ऐकून घ्यायचा आपला धीर बघा.

एक राहिलं. दुपारी पोस्ट वाचून धुसफुसत होते तेव्हा बेल वाजली. पार्सल. मामांचा धाकटाच होता. आता डिलिव्हरीचं काम करतो, वीस वर्षांचा झालाय, दाढी राखलीय. कानात ते बिनवायरचं, आणि आवाज इतका मोठा की बाहेर माझ्यापर्यंत ठेका येत होता. मी विचारणार होते काय ऐकतोयस, केंड्रिकचा नवीन ऐकलास का. तोंड उघडलंही होतं.

त्यानं मला बघितलं आणि हात आपोआप कानाकडे गेला. आवाज बंद केला.

"काकू, ओटीपी सांगा."

सांगितला.