चार पाकळ्यांवरून मोहरी ओळखता येत नाही

“पिवळे फूल, चार पाकळ्या, काळे बारीक बी, म्हणजे रानमोहरी, पाला भाजीला घ्या, बी फोडणीला टाका” असा मजकूर फोटोसह कोल्हापुरात मोबाइलवरून फिरतो आहे. लोक त्यावर विश्वासून बांधावरची झाडे उपटू लागल्याने त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, फोटोतील झाड पिवळी तिळवण आहे. मोहरीचे कूळ तिला जवळचे असले तरी ती त्या कुळातली नाही. तिचे पान तीन ते पाच पर्णिकांचे असते आणि खोडावरची चिकट लव बोटांना लागते. तिचे बी उत्तराखंडात ‘जख्या’ म्हणून फोडणीला वापरतात हे खरे, पण त्यामुळे ती मोहरी ठरत नाही.

चार पाकळ्या ही खूणही पुरेशी नाही. पाणथळ जागी उगवणाऱ्या पाणलवंगेलाही चार पिवळ्या पाकळ्या असतात. फूल तळहातावर घेऊन पाकळ्या अलगद काढाव्यात आणि पुंकेसर मोजावेत: मोहरीत ते सहा असतात, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड, तिळवणीत ते सहापेक्षा बरेच जास्त असतात. शेंग वाळली असेल तर काम आणखी सोपे होते, कारण मोहरीच्या शेंगेची दोन्ही टरफले गळल्यावर मधोमध कागदासारखा पातळ, अर्धपारदर्शक पडदा उरतो, तो तिळवणीच्या शेंगेत नसतो.

सर्वांत घातक विधान काळ्या बियांचे आहे. काटेरी पिवळ्या धोत्र्याचे बीही बारीक, काळपट आणि गोल असते. फरक असा की त्याचे खोड मोडताच पिवळा चीक येतो, मोहरीला चीक नसतो. या बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने 1998 साली दिल्लीत पाय सुजण्याच्या आजाराची साथ आली आणि 60 हून अधिक माणसे दगावली. वाळलेले बी हातात आले की झाडाच्या खुणा मागे राहिलेल्या असतात, म्हणून झाड न पाहता गोळा केलेले बी फोडणीत मुळीच टाकू नये.

“मोहरीच्या कुळातले काहीही खाल्ले तरी चालते” हे विधानही अपुरे आहे. मोहरी जमिनीतील शिसे, कॅडमियमसारखे जड धातू शोषून पानांत साठवू शकते. त्यामुळे ओळख अचूक ठरली तरी सांडपाण्याच्या नाल्याकाठचा पाला तोडू नये.