म्हशीसकट गेम कसा उचलावा

गेम डिझायनर व्हायचं ठरवलंत, अभिनंदन. लॅपटॉप आहे, गेम बनवायचं युनिटी सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि तुम्ही दिवसभर नक्की काय करता हे घरच्यांना अजून कळलेलं नाही. याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

कल्पना सुचायची वाट बघत बसू नका. एसटीत शेजारचं पोरगं काय खेळतंय ते वाकून बघा. त्यात कुणी रुळांवरून पळत असेल तर तुम्ही त्याला रंकाळ्यावर पळवा, नाण्यांच्या जागी बटाटेवडे ठेवा, मागं हलगी लावा. झाला अस्सल मातीतला गेम. आयकॉनवर 'नाद खुळा' तेवढं लिहा, नाहीतर कोल्हापूरचा आहे हे कळायचं कसं?

नाव बदला. एक अक्षर पुरे.

पात्रांचे हक्क मिळाले नाहीत म्हणून अडून राहू नका. १९८१ मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीला पॉपाय या कार्टूनचे हक्क मिळाले नाहीत, तर त्यांचा डिझायनर मियामोतो बिचारा स्वतःची पात्रं काढत बसला. एक गोरिला, एक सुतार. वर गोरिला आमच्या किंग काँगसारखा दिसतो म्हणून युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीनं कोर्टात खेचलं. निन्टेंडो जिंकली आणि सुताराचा पुढं मारिओ झाला, ते सोडा. पण डोक्याला ताप किती!

सिनेमाचे संदर्भ मात्र सढळ हातानं घाला. नायकानं दर दोन मिनिटांनी एक डायलॉग मारलाच पाहिजे. का मारला हे विचारायचं नाही. ओळखीचं काही दिसलं की खेळणारा हसतो, आणि तो हसला की तुमची विनोद लिहायची कटकट वाचते. नटाचा चेहरा घ्यायचा असेल तर मिशी लावा. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूरचं नाव, चेहरा, आवाज, इतकंच काय त्याचा तो ठेवणीतला 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली खरी. पण कोर्ट दिल्लीत आणि तुम्ही फुलेवाडीत.

गाणं वीस सेकंदांपर्यंत चालतं. असं सगळेच म्हणतात, म्हणजे असणारच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गेमसाठी असे सेकंद कुठं मोजून दिलेले नाहीत, पण कायदा वाचत बसलात तर गेम कधी करणार? खाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' अशी ओळ टाका. शेजाऱ्याची बुलेट नेताना टाकीवर 'बुलेट शेजाऱ्यांची आहे' असा कागद चिकटवावा तसं. मनाला बरं वाटतं.

आता मुख्य विषय, दुसऱ्याचा अख्खा गेम उचलण्याचा. यावर मी अधिकारानं बोलू शकतो, कारण गेल्या महिन्यात माझाच उचलला गेला.

दीड वर्ष मी आणि माझा एक जोडीदार राजारामपुरीतल्या एका खोलीत कुस्तीचा गेम करत होतो. त्यात ताकदीची हिरवी पट्टी नाही, बटणं नाहीत. दोन पैलवान एकमेकांच्या मानेला भिडलेले आणि कानात फक्त श्वास. समोरच्याचा दम कधी तुटतो ते ऐकायचं आणि नेमका तेव्हा अंगठा ओढायचा. ढाकेचा डाव लागला तर लागला, नाहीतर तुम्हीच मातीत. तो श्वास खरा आहे. एका तालमीत पहाटे पाचला जाऊन, हौद्याच्या कडेला उकिडवं बसून, फोन फडक्यात गुंडाळून घेतलेला. बाहेर दूधकट्टा. पैलवान श्वास सोडतो आणि नेमकी त्याच वेळी म्हैस हंबरते. चार पहाटे गेलो, चारी पहाटे म्हैस. शेवटी म्हटलं राहू दे, तिचाही हक्क आहे.

गेम आला. एकोणिसाव्या दिवशी दुसरा आला. पैलवानाचा लंगोट तांबड्याचा निळा केलेला. म्हटलं ठीक आहे, कुस्ती काय माझ्या घरची नाही. हेडफोन लावला. एक श्वास, दोन, तीन. चौथ्याला म्हैस.

म्हैससुद्धा नेली हो! तेवढी कापायला पाच मिनिटं लागतात. तेवढेही कष्ट नकोत?

वर उत्तर तयार. 'दादा, आयडियाला कॉपीराइट नसतो.' बरोबर आहे. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद खटल्यात तेच सांगितलं, कल्पना मोकळी, मांडणी ज्याची त्याची. २०१२ मध्ये अमेरिकेत टेट्रिसच्या खटल्यातही तेच झालं. ठोकळे रचायचा नियम कुणीही वापरावा, पण समोरच्यानं ठोकळ्यांचं रूप आणि मैदानाचं मापही जसंच्या तसं घेतलं, तिथं तो अडकला. म्हणजे दम ऐकून डाव टाकायची कल्पना घे की! कबड्डीला लाव, भजनाला लाव, मी टाळ्या वाजवीन. म्हैस माझी आहे.

दुसरं उत्तर, '२०४८ पण कॉपीच होता, चालला की.' म्हणजे आकडे जोडायचा तो गेम, थ्रीज नावाच्या गेमवरून केलेला. चालला. थ्रीज करणारे वर्षाहून जास्त काळ एकेक आकडा घासत बसले, २०१४ च्या फेब्रुवारीत तो आला आणि मार्चमध्ये २०४८ घरोघर पोचला. पण तो करणाऱ्या पोरानं एका वीकेंडमध्ये स्वतः कोड लिहिला आणि फुकट वाटून टाकला. तू दर कुस्तीनंतर जाहिरात दाखवतोस.

होय, तुलाच म्हणतोय. आता 'तुम्ही' कशाला?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली, तेव्हा दोन दिवस तुझ्या स्टेटसला काय होतं? 'चोर ते चोर.' २०१९ ला कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा दाखला, मुठी आवळलेला हात, भगवी पट्टी. मीही पुढं पाठवलं होतं ते. प्राडानं निदान पत्र लिहून मान्य तरी केलं की प्रेरणा कोल्हापुरीची. आणि तू मला काय पाठवलंस? 'दादा, इन्स्पिरेशन घेतलं तुमच्याकडून,' पुढं हात जोडल्याचं चित्र. स्टोअरवर मात्र 'पूर्णपणे ओरिजिनल संकल्पना'.

लाज वाटायला पाहिजे लेका. याच गावात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांना घेऊन सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, शंभर वर्षांपूर्वी. तुझ्याकडे सगळं आयतं आहे आणि तुला तालमीपर्यंत जायचा कंटाळा. कुठल्याही पहाटे जा. कुणी अडवणार नाही. वस्ताद उलट चहा देतील.

गेला असतास तर दारावरचा बोर्ड दिसला असता. 'चपला बाहेर काढने.' वस्तादांनी स्वतः रंगवलाय, वीसेक वर्षांपूर्वी, आणि चूक दाखवणाऱ्याला ते शंभर बैठका मारायला लावतात. म्हणून मी तो माझ्या गेममध्ये तसाच ठेवला, त्यांच्या अक्षरासकट. तुझ्या गेममध्येही तो तसाच आहे. तुला वाटलं असेल, असंच लिहितात.

'काढणे' असतं ते. ण. बाणातला.