टास्मानियाची प्रदक्षिणा होत नाही, लॅपटॉप घेऊन तर नाहीच

उन्हाळा तोंडावर आला की मेलबर्नच्या मराठी मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो: "दोघांचंही काम घरूनच आहे. गाडी बोटीत घालू, तंबू घेऊ, काम चालू ठेवून दहा दिवसांत टास्मानिया गोल फिरून येऊ. जमेल ना?"

नाही जमणार. मुळात गोल रस्ताच नाही. मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे, पत्त्यातल्या बदामासारखं हे बेट, पण बदामाचा खालचा डावा भाग म्हणजे नैर्ऋत्येचं अरण्य आहे आणि त्यातून आरपार गाडीरस्ता जात नाही. स्ट्रॅथगॉर्डनला जा किंवा दक्षिणेला कॉकल क्रीकला जा, रस्ता संपतो आणि आल्या वाटेने परत यावं लागतं. बेटाचं क्षेत्रफळ साधारण ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही कमी. त्यामुळे 'एवढंसं तर आहे' असं वाटतं. होबार्ट ते क्वीन्सटाऊन २६० किलोमीटर आहे. एक्स्प्रेसवेच्या हिशेबाने तीन तास धराल तर फसाल, कारण शेवटचा टप्पा निव्वळ वळणांचा आहे. मागे ट्रेलर असेल तर थांबे धरून पाच तास धरा.

त्यात अंधारात गाडी चालवायची नाही. संध्याकाळ झाली की पॅडमेलन, वॉलबी (दोन्ही कांगारूचे छोटे भाऊबंद) आणि वॉम्बॅट रस्त्यावर उतरतात. वॉम्बॅट म्हणजे वीसेक किलोचा घट्ट ठोकळा, धडकला की बंपरसकट रेडिएटर जातो. रस्त्याकडेला टास्मानियन डेव्हिल या इथल्या मांसाहारी प्राण्याचं चित्र आणि 'संध्याकाळ ते पहाट ६५' अशी पाटी दिसते, ती शोभेची नाही. भाड्याच्या गाडीचा विमा तर काही वेळा सूर्यास्तानंतरचा अपघात धरतच नाही. ते कलम सही करण्याआधी वाचा.

म्हणून आमचं ठाम मत असं की काम आणि मुक्काम बदलणं एका दिवशी ठेवू नये. तंबू पाडून, भरून, पुढच्या जागी उभा करून चूल मांडेपर्यंत प्रवास सोडून तीन तास सहज जातात. एका जागी किमान तीन रात्री आणि हलायचं ते शनिवार-रविवारी किंवा सुट्टी टाकून. असं केलं तर सगळ्याला चार आठवडे लागतात. दोनच आठवडे हातात असतील तर फक्त पूर्व किनारा आणि होबार्ट करा. पश्चिमेला न जाण्यात कमीपणा नाही.

काम भारतातल्या ऑफिसचं असेल तर गणित बदलतं, आणि खरं तर सोपं होतं. उन्हाळ्यात इथलं घड्याळ पुण्याच्या साडेपाच तास पुढे असतं. पुण्यातले सकाळचे दहा म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. सकाळ सगळी मोकळी, डोंगर चढून या, समुद्रात डुंबून या. फक्त रात्री दहानंतर कॅम्पात बोलण्याचा आवाज खपत नाही आणि तंबूच्या कापडाला भिंत समजण्यात अर्थ नाही. रात्रीचे कॉल गाडीत बसून, काचा वर करून घ्यायचे. तसंही दोघांचे कॉल एका वेळी आले की एकाला गाडीतच जावं लागतं. पाऊस लागला की तंबूत ताशा वाजल्यासारखा आवाज होतो, तेव्हा तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट हवाच.

आता वीज. बहुतेकांची ट्रिप इथेच फसते, कारण कोणी बेरीजच करत नाही. दोन लॅपटॉप, प्रत्येकी सरासरी ३० वॉट, आठ तास: ४८० वॉट-तास. ४० लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३५० ते ४०० खातो. स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिश, साधारण ३० वॉट, आठ तासांचे २४०. फोन, दिवे, किरकोळ १००. झाले १,२००. शंभर अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरली तर १,२८० वॉट-तास देते. म्हणजे एवढी महागडी बॅटरी तुमचा जेमतेम एक दिवस काढते. पूर्व किनाऱ्यावर डिसेंबरात, स्वच्छ उन्हात २०० वॉटचं पॅनल दिवसाला ८०० ते १,००० भरून देईल. तुटवडा थोडाच राहतो, दोन-तीन दिवस निघतात. पश्चिमेच्या ढगात तेच पॅनल २०० सुद्धा देईल की नाही याची खात्री नाही. तिकडे रोज वीज असलेली जागाच घ्या.

गाडी चालताना ही बॅटरी भरायला डीसी-डीसी चार्जर लावा, तो गाडीच्या मुख्य बॅटरीकडून वीज घेऊन हिला योग्य व्होल्टेजने देतो. नुसती वायर ओढून भागत नाही, कारण नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. २५ अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात साधारण हजार वॉट-तास भरतो. बोनेटपासून डिकीपर्यंतची वायर मात्र जाड हवी. सहा मीटर अंतर, जाऊन-येऊन बारा मीटर तांबं, ३० अँपिअर करंट: ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो, १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४. बारीक वायर लावली की चार्जर 'इनपुट कमी' म्हणून सारखा बंद-चालू होत राहतो आणि लोक चार्जरला शिव्या देतात. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांना. इन्व्हर्टर शक्यतो नको. बाराचे २३० करायचे आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरने परत वीस करायचे, यात दहा-पंधरा टक्के वाया जातात. लॅपटॉप टाइप-सीवर चालत असेल तर १०० वॉटचा बारा व्होल्टचा कार चार्जर पुरतो.

ही लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होत नाही, तिचं संरक्षक सर्किटच चार्जिंग तोडतं. क्रेडल माउंटन किंवा लेक सेंट क्लेअरला ट्रेलरच्या उघड्या पेटीत ठेवलीत तर सकाळी पॅनलवर ऊन आणि मीटरवर शून्य दिसेल. बिघाड नाही, गारठा आहे. बॅटरी गाडीच्या आत ठेवा.

तोच गारठा शेगडीलाही नडतो. मिरवायला छान दिसणाऱ्या पेटीतल्या शेगडीचा २२० ग्रॅमचा डबा ब्युटेनचा असतो, आणि ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला. शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, चहाला अर्धा तास लागतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो, म्हणून चार किलोचा साधा सिलिंडर घ्या. सोबत दोन लिटरचा कुकर. वरण-भात एका वेळी होतो आणि गॅस निम्मा लागतो. थंडी कितीही असो, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाण्याचं सामान भरताना लक्षात ठेवा: ताजी फळं, भाज्या, झाडपाला बोटीवर चालत नाही. कढीपत्ता, मिरच्या, आलं, लिंबं, कोथिंबीर सगळं मेलबर्नलाच संपवा. टास्मानियात फळमाशी नाही आणि ती येऊ नये म्हणून तपासणी कडक असते. बुटाला, तंबूच्या खुंट्यांना लागलेली मातीही धुऊन न्या. लिंबं-कोथिंबीर टास्मानियाच्या डेव्हनपोर्ट बंदरात उतरल्यावर पहिल्याच सुपरमार्केटमध्ये मिळते, कढीपत्त्यासाठी होबार्टपर्यंत कळ काढा. पिठलं त्याशिवायही होतं.

क्रम कसा? बोटीतून उतरून आधी पूर्व किनारा. सेंट हेलेन्सजवळच्या बे ऑफ फायर्सला कोझी कॉर्नर, स्विमकार्ट बीच इथे फुकट राहता येतं. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, बुकिंग नाही. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी धरा आणि वाळूसाठी लांब, रुंद खुंट्या न्या, नेहमीच्या लोखंडी खुंट्या वाऱ्यात सुटून येतात. पुढे फ्रेसिनेट. ऐन सुट्टीच्या हंगामात तिथली जागा सोडतीने मिळते, जानेवारीत सहज जाऊ म्हणून निघू नका. मग होबार्ट, लेक सेंट क्लेअर, स्ट्रॉन, क्रेडल, स्टॅन्ली. पश्चिम शेवटी, कारण तिथला पाऊस काही ठिकाणी होबार्टच्या चौपट असतो, आणि महिनाभराचा ओला तंबू कोणाला हवाय? राष्ट्रीय उद्यानांसाठी गाडीचा दोन महिन्यांचा हॉलिडे पास काढा, एका गाडीतले आठ जण त्यात येतात.

सिम टेलस्ट्राच्या पूर्ण नेटवर्कचं घ्या. त्याच कंपनीच्या टॉवरवर चालणारी बहुतेक स्वस्त सिमं सगळे टॉवर वापरू शकत नाहीत आणि तो फरक नेमका पश्चिमेला कळतो. स्टारलिंकला उघडं आकाश लागतं. स्ट्रॉन-क्रेडलकडच्या उंच झाडीखाली दर काही मिनिटांनी कॉल तुटेल, म्हणून जागा निवडताना सावली नाही, आकाश पाहा. आणि खाऊची बॅग बाहेर ठेवू नका. क्रेडलकडचे कावळ्यासारखे दिसणारे काळे करावाँग पक्षी चोचीने चेन सरकवून बॅग उघडतात. चेनच्या दोन्ही टोकांना एक कॅराबिनर (स्प्रिंगची कडी) अडकवला की त्यांचं काही चालत नाही.

परतीची बोट रविवार रात्रीची घेऊन सोमवारी सकाळची मीटिंग ठेवणारे बरेच असतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ही बोट मेलबर्नला नाही, जिलाँगला लागते. भर समुद्रात इंटरनेटचा भरवसा नाही, गाडीच्या डेकवर मधे जाता येत नाही, त्यामुळे लॅपटॉप आणि चार्जर आधीच वर केबिनमध्ये न्यावा लागतो. उतरल्यावर पुढे ऐन गर्दीतला ७५ किलोमीटरचा हायवे आहे. सोमवारची रजा टाका.