काका, अजून थोडं डावीकडं

परवाच्या रविवारी मेणवलीच्या घाटावर एका पोराने मला हलवलं. हलवलं म्हणजे दोन्ही दंडांना धरून, शोकेसमधली फुलदाणी सरकवावी तसं दोन पावलं डावीकडे ठेवलं, लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, परत आला आणि आणखी सरकवलं. ‘‘काका, अजून फ्रेममधीच येताय.’’

आम्ही वाईजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात उतरलो होतो. गेल्या गेल्या हातात कार्यक्रमपत्रिका मिळाली. सकाळी विहिरीचं पाणी शेंदणे, मग गोठा दर्शन, स्ट्रॉबेरी तोडणे (तोडलेली स्ट्रॉबेरी तोलून पैसे वेगळे), बैलगाडीची रपेट, हुरडा. माझ्या आजीने जन्मभर पाणी शेंदून कंबर घालवली आणि घरात नळ आला त्या दिवशी नळाला हळदीकुंकू वाहिलं. तिचा नातू माणशी पैसे भरून पोहरा ओढतोय हे तिने पाहिलं असतं, तर पोहऱ्याच्या जागी मला बांधून खाली सोडलं असतं.

पत्रिकेत ‘ऐतिहासिक सहल’ही होती. ती मालकांनी अंगणात उभं राहून, हात लांब करून पार पाडली. ‘‘इकडं वाई, तिकडं मेणवली, पुढं धोम. चुकायचं कामच न्हाई.’’

तर वाईत ढोल्या गणपती झाला. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं आणि पुराचं पाणी कापलं जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. मला ती भिंत बघायची होती, बायकोला कंदी पेढे घ्यायचे होते. दोन्ही झालं. पेढ्यांना वेळ जास्त लागला.

मेणवलीला मात्र मी मनापासून गेलो होतो. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराजवळच्या छोट्या घुमटीत टांगलेली ती घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. एक नाशकात नारोशंकराला आहे, एक भीमाशंकरला, एक इथे. लहानपणी वडिलांनी दाखवली होती. आता मी बायकोला दाखवणार होतो. तिने उत्सुकता आहे असं कबूल केलं होतं, पेढ्यांच्या बदल्यात.

घंटेखाली नवरीचा झगा होता. नवरी वर उभी होती, झगा घाटाच्या पायऱ्या उतरत नदीकडे चालला होता. नवरदेव सूटबुटात, कपाळावर घाम. वर ड्रोन गुणगुणत होता. लग्नाआधीचं शूटिंग.

‘‘मला घंटा बघायचीय,’’ मी त्या पोराला म्हणालो. डोक्यावर उलटी टोपी, काखेत चंदेरी रिफ्लेक्टर.

‘‘बघा की. पण हितनं नको.’’

‘‘मग कुठून?’’

‘‘त्या झाडाखालनं. तिथनं लय भारी दिसती. मोबाइलात झूम करा.’’

‘‘अरे, ही वसईची घंटा आहे. माहितीये का?’’

‘‘वसईत बी आपलं शूट असतंय काका. किल्ल्यात. परमिशनचा लय ताप.’’

मी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, चर्चमधली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. तेव्हा कुठे त्याने मान वर करून घंटेकडे पाहिलं. बहुधा त्या दिवसातली पहिलीच वेळ. मग फोटोग्राफरला हाक मारली, ‘‘दादा, घंटीवर बाळ हाय. क्लोजअप घ्यायचा का?’’

दादांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता उत्तर दिलं, ‘‘आरं प्री-वेडिंग हाय. बाळ आत्ताच कशाला?’’

विषय संपला. पोरगा माझ्याकडे वळला. ‘‘काका, मोकळेच हाय ना? हे धरा जरा.’’

आणि माझ्या हातात रिफ्लेक्टर आला. मी तो का धरला, हे बायकोने नंतर गाडीत पुन्हा पुन्हा विचारलं. कुणी हातात काही दिलं की आपण धरतो, याला उत्तर नसतं. शिवाय रिफ्लेक्टर धरणाऱ्याला घंटेजवळ उभं राहता येत होतं.

तेवढ्यात एक सफारीतले गृहस्थ शेजारी येऊन ठाकले. नवरीचे मामा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘तुम्ही मुलाकडचे ना?’’

‘‘नाही हो, मी घंटा बघायला आलोय.’’

‘‘असू द्या, असू द्या. सगळे असंच म्हणतात. बरं, पान्नास माणसं वाढली म्हणे तुमची?’’

‘‘माझी? आम्ही दोघंच आहोत.’’

‘‘हेच. फोनवर दोन म्हणायचं आन् टेम्पो भरून आणायचा. कार्यालयवाला ताटावर पैसे घेतो, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? आन् आहेराच्या टोप्यांचं काय? आमी फेटे म्हणत होतो, तुमच्याकडनं टोप्या आल्या.’’

मी रिफ्लेक्टर खाली करून समजावायला लागलो की टोप्यांशी माझा काडीचा संबंध नाही. लगेच दादा ओरडले, ‘‘लाइट गेला! काका, हात वर!’’ मी हात वर केला. दोन्ही हात वर केलेल्या माणसाला मामांनी पुढे बराच वेळ झापलं. जेवणात जिलेबी की गुलाबजाम, वरातीला घोडा कुणाचा, विहीणबाईंच्या साडीचा रंग. शेवटी मी कंटाळून म्हणालो, ‘‘बरं, फेटेच करा.’’ मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मोबाइल कानाला लावत निघाले, ‘‘झालं, मुलाकडचे कबूल झाले.’’

त्या घरात पुढे काय झालं असेल याची मला अजून धास्ती आहे.

घाटावर एक बाई धुणं धूत होत्या. टोपीवाला त्यांच्याकडेही गेला. त्यांनी पिळा आपटणं न थांबवता त्याला सांगितलं, ‘‘घाट आमचा हाय. तू लगीन तिकडं लाव.’’ त्या हलल्या नाहीत. ड्रोनला वळसा घालावा लागला. मला त्यांचा हेवा वाटला, अजून वाटतो.

मला पोराचा राग नाही, त्याच्या पोटाचा धंदा आहे. पण हा वाडा आणि घाट ज्याचा, तो पानिपतातून जीव वाचवून परतला आणि पुढे १८०० साली मरेपर्यंत मराठी राज्याच्या दौतीवर पकड ठेवून बसला. त्याच्या कागदांना अभ्यासक मेणवली दप्तर म्हणतात. तो माणूस आज घाटावर आला असता तर त्यालाही डावीकडे सरकवलं असतं. फरक एवढाच की त्याने आधी विचारलं असतं, परवानगी कुणी दिली, किती घेतले, पावती कुठेय. मी नुसता सरकलो. घंटेची माहिती देणारी पाटी तिथे असलीच तर ती नवरीच्या झग्याखाली होती. आणि हे कुठे, तर वाईच्या उशाला! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी मराठी विश्वकोश जिथे बसून उभा केला, तिथून हाकेच्या अंतरावर माझी ज्ञानातली एकमेव भर ‘मोकळेच हाय’ एवढ्यावर निकालात निघाली.

धोमला पोचेपर्यंत अंधार झाला. तिथे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. तो आम्ही मोबाइलच्या उजेडात तुकड्यातुकड्याने पाहिला, आधी शिंग, मग कासवाची पाठ. तिथे कुणी शूटिंग करत नव्हतं. बायको म्हणाली, ‘‘नंदीला बरं आहे.’’

सकाळी निघताना बिल आलं. त्यात ‘बैलगाडी, ३०० रुपये’. मी म्हटलं, बैल तर आदल्या दिवशी उसाच्या वाहतुकीला गेले होते, रपेट झालीच नाही.

‘‘बैल न्हवते,’’ मालक म्हणाले, ‘‘गाडी होती की. वहिनी तीत बसल्या, फोटो काढला.’’

‘‘उभ्या गाडीचे ३००?’’

‘‘पळत्या गाडीचे ६०० हैत.’’

मग मी निदान पावती तरी जीएसटीची द्या म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अतीव दयेने पाहिलं. ‘‘शेतीला कुठं जीएसटी असतोय, काका?’’