शुगरची मशागत

भाऊ, शुगर निघाली म्हणून तोंड पाडून बसू नका. कापूस दगा देतो, सोयाबीनवर येलो मोझॅक येतो, संत्र्याचा बहार गळतो. पण शुगर हे असं पीक आहे की पाऊस पडो न पडो, हाताला लागतंच. फक्त मशागत नीट हवी. मी अकरा वर्षं करतोय, म्हणून अधिकारानं सांगतो.

दुखत नाही तोवर बिमारी नाही, हे पक्कं धरा. उपाशीपोटी १२६ वा त्याहून वर गेली की डॉक्टर मधुमेह म्हणतात. म्हणू द्या. आमच्या पारावर दोनशेच्या खालच्याला कोणी शुगरवाला मानत नाही. 'मले तं काहीच होत नाही बाप्पा' हे वाक्य दिवसातून दोनदा, जेवणानंतर, गोळीच्या जागी घ्यावं. गोळ्यांचं पान देवळीत तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवावं. पुडी रोज बदलते, पान पोळ्यापासून तेच आहे. पंगतीत बुंदीवाला 'एका लाडूनं का होते भाऊ' म्हणाला की त्याचा मान राखावा, आणि फिका चहा मागून टपरीवाल्याला लाजवू नये.

आता आत काय चालतं तेही ऐका. कास्तकाराला आपलं पीक कुठवर आलं हे कळायला हवं. रक्तात साखर वाढली की अंगातल्या बहुतेक पेशी दार ओढून घेतात. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, किडनीची गाळणी आणि नसा यांना ते जमत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी घरात. पेशीच्या इंजिनघराला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला, झेपेना इतकी साखर जाळावी लागली की ठिणग्या उडतात. त्या ठिणगीचं नाव सुपरऑक्साइड, आणि असल्या ठिणग्या विझवणाऱ्याला आवरेनाशा झाल्या की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. जिनिंगमध्ये राबलेल्या माणसाला विचारा, कापसाच्या गंजीत ठिणगी गेली तर काय होतं. वरून कापूस पांढराशुभ्र, आणि आत दिवसच्या दिवस धुमसत राहतो. आपलं 'काहीच होत नाही' ते हेच.

मायकेल ब्राउनली नावाच्या अमेरिकी संशोधकानं २००१ साली 'नेचर'मध्ये हे सगळं एका धाग्यात ओवलं. त्याच्या मांडणीनुसार या ठिणग्यांमुळे साखर पुढं नेणारं एक एन्झाइम अडतं. मग पाटाचं तोंड बुजल्यासारखी साखर मागं तुंबते आणि चार चाऱ्या फोडून नको तिथं शिरते. एका चारीत तिचं सॉर्बिटॉल होतं, आणि त्या कामात ग्लुटाथिओनची, म्हणजे ठिणग्या विझवणाऱ्याचीच, रसद संपते. आग लावणाराही तोच, विहीर उपसणाराही तोच! दुसऱ्या चारीत साखर प्रथिनांना चिकटून त्यांना कडक करते. गोवऱ्यांवर रोडगा तांबूस होतो ना, साधारण तीच करामत. फक्त इथं ३७ अंशांवर, सावकाश, वर्षानुवर्षं. उरलेल्या दोन चाऱ्या रक्तवाहिन्यांना अरुंद आणि झिरपत्या करायला हातभार लावतात. त्या खोलात मी जात नाही, मला डोळ्यांपुढे जरा जाळं दिसतं हल्ली.

तपासणीच्या आधी दोन दिवस उपास धरून रिपोर्ट सुधारायची युक्ती मीही केली. आकडा आला ११८. घरी पेढे वाटले. पण ती 'तीन महिन्यांची शुगर' फितूर निघाली. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि चिकटलेली साखर मरेस्तोवर सोडत नाही, सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखी. या तपासणीत ६.५ टक्क्यांपासून शुगर धरतात. माझी निघाली ९.८. पेढे तोवर संपले होते.

मग धाकट्या साळ्यानं अँटिऑक्सिडंटचा डबा आणला. ठिणग्या आहेत ना, मग विझवायची पूड घ्या, हिशेब सरळ! गोळीपेक्षा चौपट महाग, म्हणजे गुणकारी असणारच. २००० साली निकाल आलेल्या एका अभ्यासात नऊ हजारांवर लोकांना साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई नाहीतर खोटी गोळी देऊन पाहिली होती, त्यांत बरेच शुगरवालेही होते. हृदयविकार आणि लकवा यांत काडीचा फरक पडला नाही. भट्टीत सरपण टाकणं चालूच असेल तर ठिणग्या किती वेचाल? पण हे साळ्याला सांगू नका, पाहुणा माणूस आहे.

आणि घाई तर मुळीच नको. डीसीसीटी नावाच्या अभ्यासाचा निकाल १९९३ साली आला. त्यात १,४४१ रुग्ण होते, सगळे टाइप वनचे, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्शुलिन जवळपास बनतच नाही असे. ज्यांनी शुगर घट्ट धरली त्यांचे डोळे, किडनी, नसा पुष्कळ वाचल्या. टाइप वन ना, आपला काय संबंध, असं म्हणेस्तोवर १९९८ साली इंग्लंडातून आपल्या टाइप टूबद्दलही तसंच आलं. खरी गंमत पुढं आहे. डीसीसीटी संपल्यावर ढिल्या गटानंही शुगर आवरली, दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे झाले, तरी जुन्या ढिलाईचं नुकसान कित्येक वर्षं वसूल होत राहिलं. सोसायटीचं कर्ज निवडणुकीच्या तोंडावर माफ होतं कधी कधी. ही थकबाकी कोणत्याच सरकारच्या यादीत नाही.

माझं पीक मात्र जोमात आहे. लघवीला फेस येतो, रात्री तळपायाला मुंग्या येत होत्या त्या हल्ली येत नाहीत, म्हणजे आरामच. गेल्या महिन्यात उपकेंद्रात पाय तपासायचा दिवस होता. बाईंच्या हातात केसाएवढा नायलॉनचा दोरा, दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा. म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. टोचलं की हाव म्हणा."

मी डोळे मिटले. पंखा करकरत होता. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. मी हाव म्हणायला तयारच. बराच वेळ झाला तेव्हा मीच विचारलं, "कवा टोचता बाई?"

त्यांनी दोरा केव्हाच डबीत ठेवला होता. रजिस्टरात लिहीत होत्या.