रोजाबल, हिराबोळ आणि अर्धवट वाचलेली शुभवर्तमाने

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो, आणि यंदा तो थेट माझ्या आत्याच्या मोबाइलवर, तोही तिच्या मंडळीच्या महिला गटातून, येऊन पोहोचला. आत्या दर रविवारी उपासनेत मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणते. येशू रोमी सुभेदार पिलाताच्या वेळेस खिळला गेला, मेला आणि पुरला गेला हे त्यातले तिचे पाठ असलेले बोल आहेत. तिने मला फोन करून विचारले, "अरे, हे खरं असेल तर आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो ते काय?" एरवी असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहत नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या मनात असा किंतु घालून कोणी मोकळे होणार असेल, तर उत्तर द्यावेच लागते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. येशू वधस्तंभावर मेलाच नाही, फक्त बेशुद्ध पडला होता. सहा तासांत कोणी मरत नाही, आणि ही गोष्ट पिलातालाही खटकली होती. भाला खुपसल्यावर रक्त आले, आणि मेलेल्याचे रक्त वाहत नाही. यहुदी पुढारी निकदेमाने दफनाच्या वेळी आणलेले हिराबोळ आणि अगरू हे जखमांवरचे औषध होते. प्रेतच असते, तर रोमी लोकांनी ते मित्राच्या हवाली केलेच नसते. पुढे येशू बरा होऊन काश्मीरला आला. श्रीनगरच्या रोजाबल दर्ग्यात त्याची कबर आहे, लडाखच्या हेमिस मठात त्याचे चरित्र आहे, आणि हे सारे चर्चने दडपून ठेवले आहे. या सगळ्यावर ठळक अक्षरांत शिक्का मारलेला आहे: 'हे बायबलच सांगते.'

पुनरुत्थान झाले की नाही, हा वाद मी येथे घालणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडतो. पण संदेशाने बायबलचा हवाला दिला आहे, आणि मृत्यू व दफन यांविषयी बायबलमध्ये काय लिहिले आहे हे कोणालाही उघडून पाहता येते.

सहा तासांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो. शुभवर्तमाने म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रे. त्यांतल्या मार्कच्या हिशेबाने येशूला सकाळी नऊच्या सुमारास खिळले आणि दुपारी तीनच्या सुमारास त्याने प्राण सोडला. वधस्तंभावरची माणसे पुष्कळदा याहून अधिक काळ, कधी कधी दिवसचे दिवस, तग धरीत असत. इतकेच काय, वधस्तंभावरून उतरवलेला माणूस जगल्याचे एक उदाहरणही नोंदलेले आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसीफस आपल्या आत्मचरित्राच्या अखेरीस सांगतो की, तकोवाहून परतताना त्याला वधस्तंभांवर आपल्या ओळखीचे तिघे दिसले. तो रडत सेनापती तीताकडे गेला. तीताने त्यांना ताबडतोब उतरवून त्यांच्यावर काळजीपूर्वक उपचार करण्याचा हुकूम दिला. तिघांपैकी दोघे वैद्याच्या हाताखालीच मेले, एक वाचला.

हे उदाहरण बेशुद्धीवाल्यांचे फार लाडके आहे, म्हणून ते पुरते वाचले पाहिजे. हुकूम सम्राटाच्या मुलाचा, उतरवण्याचा हेतू जीव वाचवण्याचा, वैद्य हाताशी, आणि तरीही तिघांतले दोघे गेले. येशूला तर खिळण्यापूर्वी फटके मारले होते, आणि त्याचा वधस्तंभ वाहायला वाटेतल्या कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरावे लागले होते. त्याला उतरवले ते पुरण्यासाठी. वैद्य कोठेही नाही. आहे ती खडकात खोदलेली कबर आणि तिच्या तोंडाशी लोटलेली धोंड. योसीफसची साक्ष कोणाच्या बाजूने पडते ते वाचकाने पाहावे.

पिलाताच्या आश्चर्याचेही तेच. मार्कच्या पंधराव्या अध्यायात पिलाताला आश्चर्य वाटते, आणि संदेश तेथेच थांबतो. मार्क मात्र थांबत नाही. लगेच पुढे पिलात शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या तुकडीच्या अधिकाऱ्याला, बोलावतो, येशू मरून वेळ झाला काय असे विचारतो, आणि त्याच्याकडून खात्री पटल्यावरच प्रेत येशूच्या मित्राला, अरिमथाईच्या योसेफाला, देतो. हा तोच शताधिपती, जो वधस्तंभासमोर उभा राहून येशूला प्राण सोडताना पाहत होता. माणसे मारणे हेच ज्याचे रोजचे काम, त्याला मेलेला आणि बेशुद्ध यांतला फरक कळला नाही, पण दोन हजार वर्षांनी मोबाइलवर अंगठा फिरवणाऱ्याला तो कळला, असे आपण मानायचे!

रक्ताचा मुद्दा योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला आहे. शब्बाथापूर्वी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसापूर्वी, प्रेते खाली यावीत म्हणून शिपाई येशूसोबत खिळलेल्या दोघांचे पाय मोडतात, येशू आधीच मेलेला दिसतो म्हणून त्याचे पाय मोडत नाहीत, आणि मग एक शिपाई त्याच्या कुशीत भाला भोसकतो. रक्त व पाणी बाहेर येते. आधीच मेलेला दिसला, हे वाक्य संदेशातून गाळले आहे. शिवाय भाला लागला हे मानायचे, आणि भाल्याने माणूस मरतो हे मात्र मानायचे नाही, ही कोणती तऱ्हा? १९८६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका डॉक्टरने दोन सहलेखकांसह या मृत्यूची वैद्यकीय चिकित्सा केली होती आणि भाला लागण्यापूर्वीच मृत्यू झाला होता असा निष्कर्ष काढला होता. तो लेख माझ्या बाजूचा असूनही मी त्यावर भिस्त ठेवत नाही, कारण त्या लेखकांपुढेही प्रेत नव्हते, मजकूरच होता.

आता हिराबोळ. संदेशातला मला सर्वांत संतापजनक वाटलेला भाग हाच, कारण आपल्या घरांत हिराबोळ ठाऊक आहे, बाळंतिणीला तो देतात, आणि म्हणूनच आत्याला हा मुद्दा चटकन पटला. हिराबोळ औषधी आहे, यात वाद नाही. परंतु योहान सांगतो ते प्रमाण आजच्या मापाने सुमारे ३३ किलो भरते. एका माणसाच्या हातापायांच्या जखमांना ३३ किलो लेप? आणि हे द्रव्य कशासाठी होते याचा तर्क करण्याची गरजच नाही, कारण योहान लगेच पुढच्या वचनात ते सांगून टाकतो: यहुद्यांच्या उत्तरकार्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी येशूचे शरीर घेऊन सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळले. एकोणचाळिसावे वचन उचलायचे आणि चाळिसावे झाकायचे, याला अज्ञान म्हणवत नाही.

मग एवढे प्रमाण का? राजाच्या अंत्यविधीत असे होत असे. बायबलमधल्या 'दुसरा इतिहास' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आसा राजाला नाना प्रकारच्या सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या बिछान्यावर ठेवल्याचे लिहिले आहे, आणि हेरोद राजाच्या अंत्ययात्रेत पाचशे नोकर सुगंधी द्रव्ये घेऊन चालल्याचे योसीफस सांगतो. 'यहुद्यांचा राजा' अशी पाटी डोक्यावर लावून ज्याची टर उडवली, त्याला निकदेम राजाला साजेसे दफन देतो, हे योहानाला दाखवायचे आहे. निकदेमाने खरोखर नेमके तेवढेच वजन आणले होते का, अशी शंका कोणी घेतली तर मी समजू शकतो. परंतु योहानाचा आकडा खरा धरून त्याच योहानाने सांगितलेले कारण खोटे ठरवता येत नाही. शिवाय मार्क आणि लूक यांच्या मते स्त्रिया रविवारी पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघतात, त्या प्रेताला लावायला. येशू कुठे ठेवला आहे हे त्यांनी शुक्रवारी स्वतः पाहिले होते. आत जिवंत माणूस असल्याची कुणकुण त्यांना असती, तर त्या शब्बाथभर घरी बसून राहिल्या नसत्या.

प्रेत मित्राच्या ताब्यात देण्याबाबत पुन्हा अर्धे खरे. रोमी लोक वधस्तंभावरची प्रेते पुष्कळदा तशीच कुजू देत. परंतु टांगलेले प्रेत रात्रभर ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, असा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातला नियम आहे, आणि यहुदी लोक वधस्तंभावरच्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात, असे योसीफसही नोंदवतो. याचा ठोस पुरावा १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेस, गिवात हामिवतार येथील कबरींत सापडला. तेथील एका दगडी अस्थिपेटीवर यहोहानान हे नाव कोरलेले होते, आणि आत त्या माणसाच्या टाचेच्या हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा तसाच होता. खिळ्याचे टोक वाकलेले असल्यामुळे तो उपसता आला नसावा. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या या माणसाचे प्रेत त्याच्या लोकांना मिळाले, कबरीत ठेवले गेले, आणि पुढे रीतीप्रमाणे त्याच्या अस्थी गोळा करून पेटीत भरल्या गेल्या.

बायबलमधल्या योना या संदेष्ट्याचा दाखलाही संदेशात मध्येच घुसडला आहे: योना माशाच्या पोटात जिवंत होता, म्हणून येशूही कबरीत जिवंत. हा मुद्दा त्यातल्या त्यात चलाख आहे. पण मत्तयातली तुलना तीन दिवस व तीन रात्रींची आहे, आणि योना स्वतःच्या प्रार्थनेत आपण अधोलोकाच्या उदरातून हाक मारली असे म्हणतो. वधस्तंभावर दिलेल्या आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, गुंगीचे औषध होते, या कल्पनेला तर मजकुरात कसलाच आधार नाही.

राहिले काश्मीर. येथे संदेशाने एकमेकांना खोटे पाडणाऱ्या दोन कथा एकत्र शिवल्या आहेत. पहिली निकोलास नोटोविच या रशियन प्रवाशाची. हेमिस मठात आपल्याला 'ईसा'चे, म्हणजे येशूचे, चरित्र वाचून दाखवले गेले, असा दावा त्याने १८९४ साली पॅरिसमध्ये पुस्तक छापून केला. त्यातला ईसा तरुणपणी भारतात येतो, मायदेशी परततो आणि तेथे वधस्तंभावर मरतो. होय, मरतो, आणि पुरलाही जातो! दुसरी कथा अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांची. १८९९ साली लिहिलेल्या उर्दू ग्रंथात त्यांनी येशू वधस्तंभावरून वाचला, 'मरहम-ए-ईसा' (ईसाचे मलम) लावून बरा झाला आणि मग काश्मीरला आला, असे मांडले. हेमिसची पोथी खरी मानली, तर रोजाबल कोसळते. रोजाबल खरे मानले, तर पोथी खोटी ठरते. संदेश लिहिणाऱ्याने यांपैकी एकही ग्रंथ उघडलेला नाही, हे उघड आहे.

श्रीनगरच्या खानयार भागातल्या रोजाबलमध्ये यूझ आसफ आणि सय्यद नसीरुद्दीन यांच्या कबरी मानल्या जातात. यूझ आसफ म्हणजेच येशू, असा दावा आहे. यूझ आसफ हा परदेशातून आलेला राजपुत्र होता, ही माहिती अठराव्या शतकातल्या एका फारसी इतिहासात मिळते. या राजपुत्राची कथा त्याआधी कित्येक शतके अरबीत प्रचलित होती: भाकितामुळे धास्तावलेला राजा मुलाला महालात कोंडतो, मुलाला आजार, म्हातारपण आणि मृत्यू यांचे दर्शन होते, आणि तो राज्य सोडून विरक्त होतो. हा राजपुत्र मुळात कोण, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागेल असे वाटत नाही. अरबी कथेत त्याचा अंत काश्मीरात होतो. रोजाबलच्या भोवती राहणाऱ्या सुन्नी भाविकांना येशूचा दावा मान्य नाही, कारण ईसा जिवंतपणी स्वर्गात उचलला गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. तरीही कबर उकरून डीएनए तपासावा अशी मागणी करणारे निघालेच. ज्या जागेपुढे लोक श्रद्धेने हात पसरतात, तिची असल्या संदेशांपायी अशी विटंबना होते, ही बाब मला आत्याच्या अस्वस्थतेइतकीच गंभीर वाटते.

आणि चर्चने लपवले म्हणे. नोटोविचच्या पुस्तकाचा समाचार मॅक्स म्युलरने १८९४ मध्येच जाहीरपणे घेतला. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले, आणि अशी कोणतीही पोथी मठात नाही हे तेथील प्रमुख लामाचे निवेदन त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. बेशुद्धीची कल्पना तर त्याहून जुनी आहे. हाइन्रिख पाउलुस या जर्मन धर्मपंडिताने ती १८२८ मध्ये उघड छापली होती. तिची सर्वांत कठोर चिरफाड डाविड फ्रीडरिख श्ट्राउस या दुसऱ्या जर्मन धर्मपंडिताने १८६४ साली केली. अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस कबरीतून सरपटत बाहेर आला असता, तर शिष्यांना त्याची कीव आली असती. त्याने मृत्यूला जिंकले असे त्यांना कधीच वाटले नसते, हा त्याचा युक्तिवाद. हा श्ट्राउस चर्चचा वकील नव्हता. शुभवर्तमानांतले चमत्कार त्याने मिथके ठरवली, त्यापायी ट्यूबिंगेनमधली शिकवण्याची जागा गमावली, आणि १८३९ मध्ये झुरिकमध्ये प्राध्यापक म्हणून त्याच्या नेमणुकीविरुद्ध इतका गदारोळ झाला की रुजू होण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन दूर ठेवावे लागले.